अपघात म्हणण्याआधी
(वालावल येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. मागे म्हातारी आई आणि मुलगा. गाडी चालवल्याचा आरोप पंढरीनाथ आंबेरकरवर. हा बारसूच्या रिफायनरीचा समर्थक. त्याच्याविरुद्ध वारिशेंची बातमी त्याच सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये छापून आली होती. तरी सुरुवातीला खुनाचं कलम नव्हतं. पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा ते लागलं.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण ‘अपघात’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सून जळाली की स्टोव्हचा भडका, विहिरीत सापडली की पाय घसरला! बायकांनी हे मानायला नकार दिला, म्हणून १९८३ साली कायदा बदलला. लग्नापासून सात वर्षांत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन आवश्यक ठरलं.

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या बायका माती परीक्षणाविरुद्ध रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांची बातमी लिहिणाराच गेला, तर त्यांचं म्हणणं पोचणार कसं?

म्हणून असा मृत्यू झाला की लगेच पोलीस ठाण्यात जा, एकटी नको, चौघीजणी. फिर्यादीची प्रत मागा, कलमं वाचून घ्या. आणि विचारा: हा माणूस कुणाला नकोसा झाला होता?