आधी ओळख, मग निरोप

फोन लावल्यावर पलीकडून कधी 'फोन बंद आहे' असे ऐकू येते, तर कधी 'फोन संपर्कक्षेत्राबाहेर आहे' असे. हा फरक नेटवर्कला कळतो, कारण बहुतेक वेळा तो फोननेच सांगितलेला असतो. आपण फोन रीतसर बंद केला, की पडदा काळा होण्याआधी तो 'मी निघालो' एवढा निरोप धाडतो. बॅटरी एकाएकी संपली किंवा फोन तळघरात गेला, तर हा निरोप जात नाही आणि नेटवर्क त्याला उगाच हाका मारत राहते. ४जीच्या मानकात गप्प असलेल्या फोनने अधूनमधून हजेरी द्यायची असते. त्याची नेहमीची मुदत ५४ मिनिटांची आहे. ती टळली, की आणखी ४ मिनिटे थांबून नेटवर्क तो फोन आवाक्याबाहेर गेला असे धरून चालते. म्हणजे फोनच्या स्थितीबद्दल नेटवर्कला जे माहीत असते, त्यातले बरेचसे फोनच्याच शब्दावर उभे असते. म्हणून हा शब्द कधी द्यायचा आणि कुणाला द्यायचा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माझे म्हणणे असे, की समोरच्याची ओळख पटल्याशिवाय फोनने आपल्याबद्दल अत्यावश्यक तेवढेच बोलावे.

फोनला सांगायचे असते तरी काय? आपण कोणत्या लहरींवर बोलू शकतो, किती अँटेना एकाच वेळी वापरतो, किती पट्टे जोडून वेग वाढवू शकतो, अशी ही क्षमतांची यादी असते. ५जीच्या फोनमध्ये ती इतकी लांबते, की एका संदेशाची ९००० बाइटची मर्यादाही अपुरी पडू शकते. म्हणूनच २०२० साली पक्क्या झालेल्या मानकाच्या सोळाव्या आवृत्तीत ती तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची, किंवा यादीऐवजी तिचा छोटा संकेतांक देण्याची सोय झाली. एवढी यादी दर कॉलला मागणे परवडणारे नाही, म्हणून नेटवर्क ती एकदा घेऊन जपून ठेवते. मग क्षमता बदलली तर? ५जीमध्ये फोन नव्याने नोंदणी करताना 'माझी यादी बदलली आहे' अशी खूण लावतो, आणि जुनी यादी टाकून नवी मागवली जाते. ४जीचा मूळ नियम अधिक कडक होता. ४जीच्याच क्षमता बदलल्या, तर फोनने नेटवर्क सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून जोडून घ्यायचे.

यात ना आपले बोलणे उघड होते, ना आपले फोटो. मग अँटेनांची संख्या कुणाला कळली तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर २०१९ साली अल्ताफ शेख, रविशंकर बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. ४जीमध्ये ही यादी संरक्षणाची कडी लागण्याआधीच मागितली जाऊ शकते, हे त्यांनी दाखवले. मधे बसलेला हल्लेखोर ती वाचून फोनचा प्रकार ओळखू शकतो. तो ती बदलूही शकतो. जास्तीचे पट्टे वगळले, की फोनचा वेग घसरतो. वीज वाचवण्यासाठी उपकरणाने केलेली झोपेची विनंती पुसली, की बॅटरीवर वर्षानुवर्षे चालायला हवे असे छोटे उपकरण जागेच राहते. आणि नेटवर्क यादी जपून ठेवत असल्यामुळे हा खोटेपणा लगेच विरत नाही. वेळ वाचवण्यासाठी केलेली सोयच चुकीची नोंद टिकवून धरते. ओळख आधी पटवली तर कॉल जुळायला उशीर होईल, हा दुसरा आक्षेपही इथेच सुटतो. यादी क्वचितच मागायची असेल, तर आधीचे दोन-चार संदेश जड वाटण्याचे कारण नाही. खरी अडचण आहे ती आपत्कालीन कॉलची. सिमच नसलेल्या फोनची ओळख पटवणार कशी? मानकांनी तिथे अपवाद ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. जीव वाचवणे आधी.

'अत्यावश्यक तेवढेच' म्हणजे किती, हे ठरवण्याची एक सुरेख रीत मानकांत आधीपासून आहे. आपल्याला कोणत्या सांकेतिक पद्धती येतात, हे फोनला सुरुवातीला उघडच सांगावे लागते, नाहीतर संरक्षण सुरूच होणार नाही. पण संरक्षण सुरू करताना नेटवर्क तीच माहिती सहीशिक्क्यासह परत ऐकवते, आणि आपण सांगितले ते हेच का, हे फोन ताडून पाहतो. वाटेत कुणी फेरफार केला असेल, तर तो इथे पकडला जातो.

अलीकडे फोनला आणखी बोलू दिले आहे. तापलेला फोन '५जीचे पट्टे कमी करा' असे सुचवू शकतो. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीनुसार दोन सिमचा फोन 'मला दुसरीकडे जायचे आहे, सोडा' असे सांगू शकतो. आपल्याकडे दोन सिम ही रोजचीच गोष्ट आहे. पूर्वी असा फोन न सांगता दुसऱ्या सिमकडे वळायचा आणि पहिल्या नेटवर्कला वाटायचे, सिग्नल तुटला. ग्राहकाकडे दुसरे सिम आहे हे यातून कंपनीला कळते, ही तक्रार खरी आहे. पण ते कोणत्या कंपनीचे, हे त्या निरोपात सांगायचे नसते, आणि ही सोय नेटवर्कने परवानगी दिली तरच चालते. शिवाय तापलेल्या फोनची ती विनंतीच असते, हुकूम नसतो. एका टॉवरखाली अनेकांना वाटून घ्यायच्या लहरींचा शेवटचा निर्णय नेटवर्ककडेच हवा.

५जीच्या मानकात ओळखीआधी क्षमता न मागण्याचा नियम आहे. पण आपल्या देशात ४जी अजून बरीच वर्षे चालणार, आणि तिथे यादी केव्हा मागायची हे टॉवरच्या सेटिंगवर ठरते. ही गोष्ट बाहेरून तपासता येते. कंपन्यांनी ती तपासून जाहीर करावी, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने ४जी टॉवरच्या सुरक्षा-चाचणीत हा क्रम पाहावा, अशी माझी मागणी आहे.