रचनाकार हयात आहे तोवर

(गास येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संगीताविषयी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही गवई नव्हे. तथापि गासच्या वाडीत ज्याचे बालपण गेले, त्याच्या कानांवरून लग्नघरातील बायकांची सामवेदी बोलीतील गाणी, वरातीचा ब्रास बँड आणि चर्चमधील व्हायोलिन ही तिन्ही गेलेली असतातच. त्या बळावर एक सूचना आपणांपुढे ठेवावयाची आहे. पुढील संमेलनाची एक संध्याकाळ चेंबर म्युझिकला द्यावी, आणि तीत हयात रचनाकारांच्या, त्यातही शक्य तितक्या आपल्या माणसांच्या, रचना वाजवाव्यात.

चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात मावेल इतके संगीत. आपल्याकडील बैठकीशी त्याचे जवळचे नाते आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो एवढ्यावर त्याचा संसार उभा राहतो. प्रत्येक भागास एकच वादक असतो. पुढे उभा राहून ताल दाखविणारा संचालक नसतो. एक चुकला तर झाकावयास दुसरा नाही. म्हणून प्रत्येकाने आपले वाजवितानाच शेजाऱ्याचे ऐकावे लागते. ज्ञातिसंस्थेस याहून चांगला धडा कोणता?

कोणी म्हणेल, थोर रचनाकार तर केव्हाच होऊन गेले. परंतु त्यांचे संगीतही एके काळी हयात माणसाचेच होते. १७८५ साली व्हिएन्ना येथे मोझार्टच्या घरी त्याच्या नव्या चौवाद्यरचना वाजविल्या गेल्या, तेव्हा वृद्धत्वाकडे झुकलेले हायडन स्वतः ऐकावयास बसले होते. त्याच वर्षी त्या सहा रचना त्यांनाच अर्पण होऊन प्रसिद्ध झाल्या. थोरवीचा आरंभ असा घरातूनच झाला.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व वाद्यमेळ-संयोजक म्हणून नावारूपास आले. भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांची सोयरीक जुळावी, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आपल्या रागाधारित रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यांत होते. पण तो वाद्यवृंद टिकला नाही. गोन्साल्विस अमेरिकेस गेले, पुढे माजोर्ड्यास परतले आणि २०१२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ च्या एका चित्रपटगीतातून त्यांचे नाव घरोघरी पोचले. त्यांच्या रचना मात्र पोचल्या नाहीत. नाव गाजले आणि संगीत मुके राहिले!

याचा दोष आम्ही इतरांस कोणत्या तोंडाने द्यावा? आमच्या चुलत्यांनी चाली बांधून दोन वह्या भरल्या होत्या. त्या आम्ही पोटमाळ्यावर ठेवल्या आणि एका पावसाळ्यात वाळवीने फस्त केल्या. चुलते हयात असताना 'काका, एवढे वाजवून दाखवा' असे म्हणावयास आम्हांस सवड झाली नाही. त्यांच्या एका चालीची पहिली ओळ आजही आठवते. दुसरी आठवत नाही, आणि विचारावयास कोणी उरले नाही.

म्हणून आमची विनंती मोठ्या वाद्यवृंदाची नाही. तो खर्च आपणांस झेपणार नाही. चार वादक पुरेत. शाळेची एक खोली पुरे. आपल्या मुलांपैकी कित्येकांस स्वरलिपी वाचता येते. त्यांतील एखाद्याने लग्नगीताची चाल घेऊन चार वाद्यांसाठी मांडावी. ती गाणाऱ्या आजीबाईंस पुढच्या रांगेत बसवावे, म्हणजे स्वर कोठे चुकला ते त्या तेथेच सांगतील. रचनाकारास शाल-श्रीफळावर न बोळविता त्याच्या श्रमांचे मोल द्यावे. वरातीच्या बँडला आपण ते देतोच. प्रत्येक रचनेची स्वच्छ नक्कल संस्थेच्या कपाटात ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा वाजविलेली रचना पुढल्या वर्षी पुन्हा वाजवावी. पहिल्या वादनाने टाळ्या मिळतात. रचना जगते ती दुसऱ्या-तिसऱ्या वादनाने.

नवी रचना प्रथम कानास खटकेल, क्वचित फसेलही. फसू द्यावी. नवे कलम लावणारा बागाईतदार प्रत्येक कलम जगेल या हिशेबाने लावीत नाही. मात्र रचनाकार हयात असला तर त्यास विचारता येते, तोही ऐकून दुरुस्ती करू शकतो. ही संधी त्याच्या माघारी कितीही मोठी स्मृतिसभा भरविली तरी मिळत नाही.

आपणांपैकी ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी ती आज रात्रीच पोटमाळ्यावरून खाली काढावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.