स्तनाचा कर्करोग : संकोच नको, तपासणी हवी
(महिला आरोग्य मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय आपल्या घरांत मोकळेपणाने बोलला जात नाही. घरातील स्त्री सर्वांचे पथ्यपाणी सांभाळते. स्वतःच्या स्तनात लागलेली गाठ मात्र महिनोन्महिने मनातच ठेवते. दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही, अशी तिची समजूत असते. ही समजूतच घातक ठरते. कारण या रोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.

हा रोग एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा त्याचा उगम दुग्धनलिकांच्या अस्तरातील पेशींत होतो. जनुकांतील बिघाड साठत जातात आणि पेशींच्या वाढीवरील नियंत्रण सुटते. काही काळ त्या नलिकेतच राहू शकतात. तिची सीमा ओलांडली, की त्या काखेतील लसिकाग्रंथींत आणि रक्तावाटे हाडे, फुफ्फुसे, यकृत येथवर पोहोचू शकतात. त्याआधीच रोगाला गाठणे, हा तपासणीचा हेतू होय.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे कमी मात्रेचे क्ष-किरण चित्र. हाताला न लागणारी गाठ आणि चुन्याचे सूक्ष्म कण त्यात दिसू शकतात. तरुण वयात स्तन घन असल्याने ते पुष्कळदा स्पष्ट येत नाही. तेव्हा सोनोग्राफीचे साहाय्य होते. संशय म्हणजे निदान नव्हे. ते सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच पक्के होते. उलट, चित्र निर्दोष आले तरी हाताला लागणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये.

यंत्र नसेल तर काय? टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी साधारण निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हातांनी तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र असा लाभ स्पष्ट दिसला नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे.

भगिनींनो, गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव दिसताच डॉक्टरांकडे जा. आणि बंधूंनो, पत्नीला, आईला तपासणीस घेऊन जाणे हे आपलेही कर्तव्य आहे. तिने सांगेपर्यंत थांबू नका. आज घरी गेल्यावर आपणच विचारा.