'वर' म्हणजे उत्तर नव्हे

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीत दिवसभर अॅपमधल्या नकाशावरच काम करतो. त्यामुळे तिसरीच्या मुलांना नकाशा शिकवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं होतं.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावच्या शाळेत गेलो. भिंतीवरचा नकाशा दाखवला. "वर उत्तर, खाली दक्षिण." मग विचारलं, "आता उत्तर कुठंय?" अख्ख्या वर्गाने छताकडे बोट केलं! चूक मुलांची नव्हती, माझी होती.

पुढच्या शनिवारी सकाळीच नकाशा मैदानात जमिनीवर पसरला. उगवत्या सूर्याकडे तोंड करून सगळे उभे राहिलो. डावा हात उत्तर, पाठीमागे पश्चिम. नकाशातली उत्तर त्या बाजूला फिरवली आणि विचारलं, "समुद्र कुठं?" सगळे मागे वळले. (सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच, पण तिसरीला एवढं पुरे.)

मग डबा खाली ठेवून, वरून दिसतो तसा काढायचा. मग वर्ग पावलांनी मोजायचा. एक पाऊल म्हणजे चौकटीच्या वहीतला एक चौकोन. झालं, हेच प्रमाण! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, तेही असंच.

शेवटी शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला दिला. एक मुलगी कोरा कागद घेऊन बसली होती. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला. म्हणाली, "दादा, माझं घर काढू का? पावसाळ्यात ते नसतं."

मला पटकन उत्तर सुचेना. फोन उघडून पाहिलं, तर तिथे नुसती रिकामी जागा. म्हटलं, "काढ. आणि खाली आजची तारीख लिही." सर्वेक्षणाच्या नकाशांवरही पाहणीचं वर्ष छापलेलं असतंच की. जमीन बदलते, म्हणून.

तिने ओढा काढला, बाभळ काढली, भट्टी काढली, घर काढलं. सुट्टीनंतर तिच्या दोन मैत्रिणी तो कागद घेऊन पुढे निघाल्या, ती मुद्दाम मागे राहिली. न विचारता तिघी बरोबर पोचल्या.

घरी लहान मूल असेल तर करून बघा. फोन नको, कागद, पेन्सिल आणि सकाळचं ऊन पुरे. भेटू पुढच्या भागात.