‘ज्युरासिक पार्क’ आपण उगाच डोक्यावर घेतलाय का?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या हॉलमध्ये माइकसमोर उभं राहिलं की अजूनही हात आपोआप मागे जातात. तीस वर्षं झाली, सवय काही गेली नाही.

हे भाषण मी मागून घेतलेलं नाही, ही शिक्षा आहे. जुलैमध्ये ‘ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ लागला तेव्हा आपल्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आपला सिनेमा!’ मी ऑफिसमधून दमून घरी येत होते, वैतागलेली होते, आणि लिहून गेले की ही सगळी मालिकाच आपण उगाच डोक्यावर घेतली आहे. झालं! एरवी ‘शुभ सकाळ’ आणि वाढदिवसाच्या केकवर चालणारा ग्रुप रात्री दीडपर्यंत जागा होता. मला गद्दार म्हणण्यात आलं. शेवटी संयोजकांनी तोडगा काढला की मेळाव्यात पंधरा मिनिटं बोल आणि पटवून दाखव.

तर आधी आठवण. अमेरिकेत १९९३ साली आलेला हा सिनेमा १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला. हॉलिवूडचा सिनेमा हिंदीत बोलतोय आणि लहानसहान गावांत चालतोय, हे आपल्याला नवीन होतं. आपल्या टॉकीजपर्यंत तो पोचला तेव्हा आपण दहावीत होतो. मुलं पुढे, मुली तीन रांगा सोडून मागे, असा आपण तो पाहिला. टी-रेक्स त्या वकिलाला संडासातून उचलतो तेव्हा पुढच्या रांगांमधून आलेल्या शिट्ट्या मला अजून ऐकू येतात. मग आठवडाभर वर्गात बाटलीच्या झाकणात पाणी ठेवून खालून बाक ठोकण्याचा खेळ चालला, तो भूगोलाच्या बाईंनी बंद केला. बाई, तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. पेल्यातल्या पाण्यावर ती वर्तुळं उठावीत म्हणून सिनेमावाल्यांनी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बसवली होती आणि ती छेडली होती. म्हणजे आपली मुलं अगदीच चुकीच्या वाटेवर नव्हती.

डायनासोरांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन तास सात मिनिटांच्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातली कॉम्प्युटरवर तयार केलेली दृश्यं सहा-एक मिनिटांची. बाकीचे स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेले खरेखुरे यांत्रिक प्राणी. पावसाच्या दृश्यात त्या टी-रेक्सच्या कातडीचा फोम पाणी पिऊन जड व्हायचा, यंत्र थरथरायला लागायचं, मग माणसं त्याला टॉवेलने पुसत बसायची. फिल टिपेट नावाचे एक कसबी कलाकार छोट्या बाहुल्या हलवून हे प्राणी जिवंत करणार होते. कॉम्प्युटरवरची चाचणी पाहिल्यावर त्यांचं ते काम एका दिवसात कालबाह्य झालं. पण त्यांना घरी पाठवलं नाही. प्राणी चालतो कसा, मान कशी वळवतो, हे कॉम्प्युटरवाल्या पोरांना शिकवायला त्यांनाच ठेवलं. आमच्या धंद्यात सध्या जे चाललंय ते पाहता ही गोष्ट मला वारंवार आठवते.

विज्ञानाच्या चुकाही मी फार मनावर घेत नाही. टी-रेक्स ज्युरासिक काळातला नव्हेच, तो नंतरच्या क्रिटेशस काळातला. खरा व्हेलोसिरॅप्टर साधारण टर्की कोंबड्याएवढा आणि पिसांचा होता. आणि डीएनए साडेसहा कोटी वर्षं टिकत नाही. सर तेव्हा म्हणाले होते, ‘गोष्ट आहे, गोष्टीसारखी बघा.’ बरोबर होतं. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. डायनासोर म्हणजे अमेरिका, हे आपल्या डोक्यात त्या सिनेमाने पक्कं बसवलं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे डायनासोरांची हाडं सापडतात आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगाला कळलं. तोपर्यंत ते नंतर आलं असाच समज होता. आपल्या राज्यातल्या शेणाने पाठ्यपुस्तकं दुरुस्त करायला लावली आणि आपल्यापैकी किती जणांना पिसदुरा माहीत आहे? हात वर करा. बघा, एकच. आणि ती चंद्रपूरला दिलेली सून आहे.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. मला त्या सिनेमात डायनासोरांपेक्षा कंट्रोल रूम महत्त्वाची वाटते, आणि माझं भांडण तिथलं आहे.

माझ्यावर या सिनेमाचं एक कर्ज आहे, तेही कबूल करते. शेवटी लेक्स नावाची ती मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते, ‘हे तर युनिक्स आहे, मला येतं’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणते आणि दारांची कुलपं चालू करते. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर या प्रसंगाची टिंगल ऐकली, की असा उडत्या ठोकळ्यांचा कॉम्प्युटर कुठे असतो? असतो. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या मशीनवर चालणारा तो खराखुरा प्रोग्राम होता. मूळ कादंबरीत कॉम्प्युटर येतो तो भावाला, बहीण धाकटी आणि किरकिरी आहे. सिनेमात त्यांनी वयं बदलली आणि कीबोर्ड मुलीकडे दिला. आपल्या शाळेत तेव्हा दोन कॉम्प्युटर होते, प्लास्टिकच्या झुलीखाली. चपला बाहेर काढून आत जायचं आणि लांबून बघायचं. एका मुलीने त्याला बिनधास्त हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला तो त्या पडद्यावर. परत येताना मुलं म्हणत होती, ती नुसती किंचाळते. किंचाळते हे खरंच. पण शेवटी दार कोण बंद करतं?

त्याच कंट्रोल रूममध्ये डेनिस नेड्री बसलेला असतो. लठ्ठ, घामट, टेबलावर खाण्याचा पसारा. आम्हा प्रोग्रामर लोकांची सिनेमाने काढलेली ती प्रतिमा. तो चोरीसाठी कुंपणांची वीज बंद करतो, आणि पुढचा सगळा अनर्थ त्याच्यामुळे होतो, असं आपण थिएटरातून बाहेर पडताना ठरवून टाकतो. मीही ठरवलं होतं. अठरा-वीस वर्षं तसंच मानत होते.

मग माझ्या बाबतीत एक प्रकार घडला. मी एका कंपनीत टीमची लीड होते. दर महिन्याला एका ठरलेल्या पहाटे लोकांच्या खात्यांमधून कर्जाचे हप्ते वळते करणारं काम आमच्या प्रणालीवर चालायचं. ते नीट झालं की नाही हे तपासणारा कोड माझा. अपेक्षेपेक्षा कमी हप्ते वळते झाले तर धोक्याची सूचना यायची. जास्त झाले तर काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. एका पहाटे ते काम मध्येच अडकलं. ड्यूटीवर नोकरीला लागून आठ महिने झालेला एक मुलगा होता. त्याने तीन वाजता मला फोन करून उठवलं. मी अर्धवट झोपेत म्हणाले, ‘रीस्टार्ट कर.’ त्याने केलं. काम पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं आणि ज्यांचे हप्ते आधीच गेले होते त्यांचे दुसऱ्यांदा कापले गेले. स्क्रीनवर सगळं हिरवं. संख्या कमी नव्हती ना!

सकाळी फोन सुरू झाले. त्यातल्या एकाचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. एका वडिलांनी मुलीच्या वसतिगृहाच्या फीचा चेक दिला होता, खात्यात पैसे उरले नाहीत म्हणून तो परत गेला होता. ते ओरडत नव्हते. कॉलेजात आता काय सांगायचं, एवढंच विचारत होते.

पैसे दोन दिवसांत परत गेले. पण त्याआधी मीटिंग झाली, आणि मीटिंगमधला पहिला प्रश्न होता, ‘रीस्टार्ट कोणी केलं?’ लॉगमध्ये त्या मुलाचं नाव होतं. अहवालात ‘मानवी चूक’ असा शब्द पडला. मी त्याच खोलीत बसले होते. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मेल लिहिली, की तपासणीचा कोड माझा आणि रीस्टार्टचा निर्णयही माझा. अहवाल दुरुस्त झाला, मला बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. पण ते मधले दोन दिवस त्या मुलाने कॅन्टीनमध्ये एकट्याने जेवण केलं. काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. कारण विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्याच वर्षी मी मायकेल क्रायटनची १९९० ची मूळ कादंबरी वाचली. त्यात एक प्रसंग आहे जो सिनेमात नाही. बेटावरचे प्राणी कॉम्प्युटर सतत मोजत असतो. अपेक्षित २३८, मोजले २३८, सगळं ठीक. मग तो गणितज्ञ माल्कम सुचवतो की जास्त संख्या शोधायला सांगून बघा. सांगतात. कॉम्प्युटर २९२ प्राणी दाखवतो. प्राणी बाहेर पिल्लं घालत होते, आणि यंत्र २३८ मिळाले की मोजणं थांबवत होतं. प्राणी कमी होतील ही भीती होती, जास्त होतील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तो माझाच कोड होता.

आणखी एक कळलं. कादंबरीतल्या नेड्रीला काय बनवायचंय हेही धड सांगितलेलं नसतं. नंतर वाढीव काम फुकट करून दे, नाहीतर तुझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगू, अशा धमक्या दिलेल्या असतात. चोरी ती चोरीच. पण हे सगळं करणारा जो जॉन हॅमंड, तो पुस्तकात लोभी आहे, शेवटपर्यंत स्वतःची चूक मानत नाही आणि छोट्या डायनासोरांच्या तोंडी जातो. सिनेमात त्याचं काय झालं? प्रेमळ आजोबा झाले! भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांची, ज्यांनी आपल्याला ‘गांधी’ सिनेमा दिला. पांढरी दाढी, डोळ्यांत पाणी, आइस्क्रीम खात जुन्या आठवणी. खर्चात कुठेही कसर केली नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात, आणि अख्ख्या पार्कचा कॉम्प्युटर मात्र सर्वांत कमी निविदा भरणाऱ्या एका माणसावर सोडलेला. त्याला मदतनीस नाही, त्याचं काम तपासणारा नाही. रॅप्टरच्या कुंपणाची वीज तर नेड्रीने बंदही केलेली नसते. ती जाते ती नंतर, बाकीच्यांनी सगळी यंत्रणा रीस्टार्ट केल्यावर. तरी नेड्रीला डायनासोर खातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि आजोबा हेलिकॉप्टरमधून नातवंडांसह घरी जातात.

डोक्यावर घेतलाय असं मी म्हणते ते यासाठी. हा सिनेमा ‘माणसाने निसर्गाशी खेळू नये’ असं काहीतरी भव्य सांगतो म्हणून लोक त्याला मोठा म्हणतात. मला तो तिथेच लहान वाटतो. खोलीत जबाबदार माणसं चार-पाच होती, आणि त्याने सर्वांत कमी आवडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून बाकीच्यांना सोडून दिलं. मी ज्या मीटिंगमध्ये गप्प बसले होते, तिथेही हेच चाललं होतं.

पुढच्या भागांवर फार वेळ घालवत नाही. १९९७, २००१, २०१५, २०१८, २०२२, २०२५. दर वेळी कुणीतरी शहाणा माणूस त्या प्राण्यांना गाठायला निघतो आणि दर वेळी पळत सुटतो. २०२२ च्या भागात तर कथेचं मोठं संकट म्हणजे टोळधाड. त्यासाठी डायनासोर कशाला हवेत, आपल्या कृषी खात्याला विचारलं असतं. फक्त २०१५ च्या भागातला एक प्रसंग मला आवडतो. उष्णता टिपणाऱ्या यंत्रावर प्राणी दिसत नाही, म्हणजे तो पळाला असं समजून माणसं पिंजऱ्याचं दार उघडून आत जातात, आणि तो आतच असतो. तो लिहिणारा कधीतरी रात्रपाळीला बसला असणार.

गेल्या महिन्यात मी पहिला भाग पुन्हा पाहिला, माझ्या मुलासोबत. तो चौदा वर्षांचा आहे. सुरुवातीला मोबाइल बघत होता, पेल्यातलं पाणी हललं तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला. ही गोष्ट सिनेमाच्या बाजूने नोंदवते. नेड्री मेला तेव्हा तो हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आई, तू नाही हसलीस?’ मी त्याला त्या आठ महिन्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. सिनेमा तेवढ्यापुरता थांबवून ठेवावा लागला.

तर माझे गुण. पहिल्या भागाला शंभरपैकी बहात्तर. अठ्ठावीस कापले ते हॅमंड आजोबांच्या हेलिकॉप्टरसाठी. बाकी सहा भागांना मिळून पस्तीस, तेही ग्रेस देऊन. ज्यांना पेपर पुन्हा तपासून हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी भजीच्या रांगेत भेटावं. गद्दार म्हणणाऱ्यांनी आधी.