अंगठा, सही आणि पत्र



तुरुंग आणि मराठी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला धुळे आठवते. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा तिथे गीतेवर बोलले आणि सानेगुरुजींनी ते उतरवून घेतले. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्या हैदराबाद संस्थानात निजामाच्या तुरुंगात गेलेले स्वामी रामानंद तीर्थ हेही मुळात शिक्षकच. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण ही सगळी माणसे लिहिता-वाचता येत असताना आत गेली होती. मला आज बोलायचे आहे ते अंगठा उठवून आत आलेल्या माणसाबद्दल.

निवृत्तीनंतर काही महिने मी या शहरातल्या एका कारागृहात शिकवायला जात असे. तेलंगण कारागृह विभागाचा ‘विद्यादानम्’ नावाचा साक्षरता उपक्रम आहे. अंगठा उठवून आत आलेल्याने सही करून बाहेर जावे, हे त्याचे उद्दिष्ट. वर्ग अर्थातच तेलुगूतून. मला बोलावले ते पाच-सहा मराठी कैद्यांसाठी. त्यातला एक किनवटकडचा, चाळिशीचा. नाव सांगत नाही. गुन्हा मी विचारला नाही.

मी मोठ्या उत्साहाने पहिलीचे मराठी पुस्तक नेले. पतंग, बदक, फुगा. त्याने पाने उलटली आणि पुस्तक अलगद मिटले.

“सर, हे लेकराचं आहे. आणि मराठी मला येतेच की. कागद तेलुगूत येतो.”

मला राग आला, हे कबूल करतो. चाळीस वर्षे मातृभाषेतून शिक्षण यावर भाषणे दिलेला माणूस मी! पण त्याचे ऐकल्यावर गप्प झालो. अटकेनंतर त्याने पाच-सहा कागदांवर अंगठे दिले होते. कशावर दिले, ते त्याला आजही ठाऊक नव्हते. त्यातले एक वकीलपत्र असावे, एवढाच त्याचा अंदाज.

मग मराठी नकोच का? तर तसेही नाही. मुलाखतीला बायको येऊ शकत नसे. गाडीभाडे परवडत नव्हते. सातवीतली मुलगी पत्र लिही, मराठीत. ते बराकीतल्या दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. “घरातलं सगळं त्याला कळतं सर,” तो म्हणाला, “आणि मला त्याच्या तोंडून कळतं.”

तेव्हा फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू. माझे तेलुगू बोलण्यापुरते बरे. अक्षरे मी त्यांच्याबरोबरच घोटली. दोन्हींची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, क ख ग घ, याचा एवढा उपयोग होईल असे वाटले नव्हते. ळ दोन्हींकडे आहे. मराठीत चहाचा च वेगळा आणि चाकाचा वेगळा, तसे दोन उच्चार तेलुगूतही ऐकू येतात, हे मला एका कैद्यानेच दाखवले. घोळ झाला तो ए आणि ओ यांचा: तेलुगूत ते ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. प्रौढांसाठी असे दोन लिप्यांचे शेजारी-शेजारी पुस्तक मी खूप शोधले. मला मिळाले नाही. या व्यासपीठावरून मागायचे असेल तर मी तेच मागेन. सीमेवरच्या शाळांनाही ते लागेल.

पेन्सिली मोजून मिळत, मोजून परत द्याव्या लागत. तास चाळीस मिनिटांचा. हजेरीत दहा जात.

चार महिन्यांनी त्याने मुलीला पहिले पत्र लिहिले. सहा ओळी. ते अकरा दिवस कार्यालयातच पडून राहिले, कारण कैद्याचे पत्र वाचूनच बाहेर जाते आणि मराठी वाचणारे तिथे कोणी नव्हते. शेवटी मीच टेबलापाशी उभा राहून ते तेलुगूत सांगितले. बापाने मुलीला लिहिलेले पत्र तिसऱ्याच माणसासमोर मोठ्याने वाचायचे, आणि तेही मी! दुसऱ्याने वाचू नये म्हणून तर तो शिकला होता. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो फक्त “गेलं ना?” एवढेच म्हणाला.

उलट टपाली मुलीचे उत्तर आले. ते त्याने स्वतः वाचले, बोट फिरवत, अर्धा तास घेऊन. तिने त्याच्या दोन वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्या होत्या. पुढचा तास आम्ही वेलांटीवर घेतला.