देवळामागील दगडी जाळीची भिंत
(जीर्णोद्धार समारंभानिमित्त ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की कळस, सभामंडप, गाभाऱ्याची फरशी या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. देणगीदाराच्या नावाची पाटीही तेथेच लागते. परंतु ओढ्याकाठच्या देवालयाचे आयुष्य कळसावर नव्हे, काठावर ठरते. काठ खचला की आवार गेले, आवार गेले की मंडपाच्या भिंतीला तडा गेलाच म्हणून समजावे. यासाठी देणगीचा मोठा वाटा देवळामागील भिंतीवर खर्च झाला आहे. ही भिंत तारेच्या जाळीत दगड भरून केलेली आहे. तीविषयी पुष्कळांनी विचारले, "चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगड पिंजऱ्यात कोंडले, हे कसले बांधकाम?" शंका रास्त आहे. पैसा गावाचा आहे, तेव्हा उत्तरही सर्वांसमक्ष दिले पाहिजे.

काठावरची भिंत बहुधा मातीच्या भाराने पडत नाही, पाण्याच्या रेट्याने पडते. पावसाळ्यात मागची माती पाणी पिते. त्या पाण्याला वाट नसली की ते भिंतीमागे तुंबते. 3 मीटर उंचीच्या भिंतीमागे काठोकाठ पाणी उभे राहिले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे साडेचार टनांचा रेटा बसतो. मातीचा भार आणखी निराळाच. म्हणून पक्क्या भिंतीत पाणी निघायला भोके ठेवतात. ती मातीने बुजली की भिंत आधी पोटात फुगते आणि मग कोसळते. जाळीच्या भिंतीत दगडांमध्ये साधारण एक तृतीयांश जागा मोकळी असते. सगळी भिंतच पाण्याला वाट देते, त्यामुळे रेटा साचत नाही.

ही कल्पना परकी नाही. कोकणातला गडगा आणि डोंगरउतारावरच्या शेताची ताल ही कोरडी रचाईच होय. तिच्यातून पाणी झिरपते आणि माती मागे राहते. उणीव एवढीच, की पुराच्या लोंढ्यात एक दगड निसटला की पाठोपाठ दुसरा जातो. जाळी त्या सुट्या दगडांची एकजूट करते.

चीनमध्ये मिन नदीवर दुजियांगयान येथे इ. स. पूर्व 256 च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने बांबूच्या लांब करंड्यांत गोटे भरून नदीचा प्रवाह विभागला. बांबू कुजत असे, म्हणून करंड्या वरचेवर बदलाव्या लागत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या बदलल्या. पुढे तेथे काँक्रीट आले, पण ती पाटबंधारे व्यवस्था आजही चालू आहे. या पेट्यांना 'गॅबियन' म्हणतात. हा शब्द 'मोठा पिंजरा' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला आहे.

आता कामाची रीत. जाळी जाड तारेची, जस्ताचा मुलामा दिलेली आणि दुहेरी पिळाची असावी. म्हणजे एक तार तुटली तरी सगळी वीण उसवत नाही. पेटी साधारण 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच असते. दर मीटरला आत जाळीचाच पडदा असतो. दगड घट्ट, काळा आणि जाळीच्या घरापेक्षा मोठा हवा. मुरमाड दगड पाण्याने विरतो आणि पेटी रिकामी होत जाते. दर्शनी बाजूचे दगड हाताने रचावेत. टोपलीने ओतलेली पेटी पुढे पोट काढते. पोट येऊ नये म्हणून भरता भरता पुढची व मागची जाळी आतून तारेने बांधून घेतात. शेजारच्या पेट्याही एकमेकींना तारेने शिवतात. भिंतीचा तळ रुंद, वरचे थर अरुंद आणि कल किंचित काठाकडे ठेवतात. मागची बारीक माती दगडांतून वाहून जाऊ नये म्हणून मध्ये गाळणीचे कापड लावतात.

या भिंतीचा मोठा गुण म्हणजे लवचिकपणा. पाया थोडा खचला तर काँक्रीटला तडा जातो, जाळी मात्र वाकून बसते. परंतु पायाखालची माती ओढ्याने खरवडून नेली तर हीदेखील उलटेल. म्हणून पाया ओढ्याच्या खरवडीखाली न्यावा लागतो आणि पुढे जाळीचीच दगडी गादी अंथरावी लागते. पुरात मोठे धोंडे गडगडत येत असतील तर ते तार तोडतात, हेही ध्यानात ठेवावे.

यापुढील जबाबदारी गावाची आहे. जाळीला जनावर बांधू नये. तेथे कचरा पेटवू नये, कारण आगीने जस्ताचा मुलामा जातो. कुंपणासाठी तार कापणारा मनुष्य देवळाचा पायाच कापतो. भिंतीवर गवत वाढू द्यावे, त्याने माती धरून राहते. मात्र पिंपळ-उंबराचे रोप दिसताच उपटावे. दर वर्षी मृगापूर्वी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा चार जाणत्या माणसांनी भिंत पायापासून पाहावी. तुटलेली तार त्याच आठवड्यात बांधावी. एका तारेचे काम लांबणीवर टाकले तर पुढे सगळी पेटी नव्याने भरावी लागते.

कळसासाठी देणगी देणाऱ्याचे नाव उन्हात झळकते. या भिंतीसाठी ज्यांनी पैसा दिला, दगड वाहिले, त्यांचे नाव मातीआड आहे. पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहील आणि आवारातली माती जागेवर राहील, तीच त्यांच्या देणगीची पावती. ग्रामदैवताच्या कृपेने आणि गावाच्या एकीने ती दर वर्षी मिळत राहो.